इंजिन उजनीचं, मीठ समुद्राचं

होडीवरून इंजिन निघेना, म्हणून होडीच टेम्पोत घालून सोलापूरला आणली होती. करमाळा तालुक्यात उजनीच्या फुगवट्यावर चालणारी फायबरची होडी. एरवी तिच्यात चिलापीची जाळी असतात, थंडीत रोहित पक्षी बघायला येणारी माणसं असतात, आणि अधूनमधून पलीकडच्या इंदापूरच्या काठावर जायचं म्हणून एखादी मोटारसायकलसुद्धा चढते. मागे 40 हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून टांगायचं इंजिन. ते कोकण किनाऱ्यावर मासेमारीला वापरून झाल्यावर जुन्यात घेतलेलं. या प्रकरणातला सगळा गुंता त्या जुन्या नोकरीतच आहे.

तक्रार साधी होती. इंजिन गरम होतंय आणि बाजूच्या बारीक नळीतून पाण्याची धार येत नाही. धार येत नाही म्हणजे थंड करणारं पाणी वर चढत नाही. तिथं पहिला संशय पाण्याच्या पंपातल्या रबरी इंपेलरवर, म्हणजे पाणी वर ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकावर. तो दर मोसमात बघायचा भाग आहे, आणि उजनीच्या गाळात लवकर झिजतो. पण इंपेलर बसलेला असतो खाली, गिअरकेसच्या (प्रोपेलरचे गिअर असलेल्या इंजिनाच्या पायाच्या) डोक्यावर. गिअरकेस उतरवायची तर पाच बोल्ट काढावे लागतात: चार कडेचे आणि एक मागच्या छोट्या पंखाखाली लपलेला. पाचही स्टेनलेसचे, पाचही ॲल्युमिनिअमच्या ओतीव अंगात बसलेले.

माझं काम यंत्रमागाचे शाफ्ट, पंपाचे बुश, साखर कारखान्यांची कपलिंग असलं. आमच्याकडे जाम बोल्ट रोज येतो, पण तो साध्या लोखंडाचा. त्याची रीत ठरलेली आहे. घासलेट किंवा डिझेल सोडायचं, रात्रभर ठेवायचं, हातोडीनं ठोकायचं, पान्याला पाइप लावायचा, आणि तरीही ऐकला नाही तर गॅसनं लाल करायचा. लोखंडावर ही रीत चालते, कारण गंज ठिसूळ असतो, तापवल्यावर त्याला भेगा पडतात आणि त्यातून तेल आत शिरतं. काठावरच्या कुणीतरी हीच रीत या इंजिनावर वापरून पाहिली होती. एका बोल्टाचं डोकं घासून जवळजवळ गोल झालेलं आणि दुसऱ्यावर पाइपानं मारलेल्या जोराच्या खुणा.

"मिस्त्री, स्टेनलेसला गंज कुठं येतो वो? मग जाम कसा झाला?" मालकांचा प्रश्न बरोबर होता. उत्तर एक नाही, दोन आहेत, आणि या एकाच होडीवर दोन्ही होती. कुठल्या बोल्टाला काय झालंय हे आधी ठरवलं नाही, तर एकाचा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो.

आधी सोपं. इंजिन ज्या मागच्या फळीवर अडकवलेलं असतं, तिथं 12 मिमीचे चार बोल्ट होते. बोल्टही स्टेनलेसचा, नटही स्टेनलेसचा, वर नायलॉनच्या कड्याचा नट. त्यातले दोन नट हातपान्यानं निघाले होते. उरलेल्या दोघांवर पंक्चरच्या दुकानातली हवेवरची गन चालवली गेली होती. मालक सांगत होते की नट झर्रकन थोडा फिरला आणि एकदम थांबला. मग ना पुढे, ना मागे. एवढं ऐकून निदान झालं. स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा असतो, तोच त्याला गंजापासून वाचवतो. आट्यावर आटा दाबात घासला गेला की हा पापुद्रा खरवडला जातो, खाली उघडा धातू उघड्या धातूला भिडतो, आणि दोन्ही एकाच जातीचे असल्यानं तिथल्या तिथं चिकटतात. गनचा वेग आणि नायलॉनचं घर्षण, दोन्हींमुळे उष्णता वाढते. मऊ लोखंडापेक्षा स्टेनलेस उष्णता फारच हळू वाहून नेतं, त्यामुळे ती जागच्या जागी साठते. असा बोल्ट चिकटला की तो वेल्डिंग केल्यातच जमा. त्यावर कुठलंही तेल सोडा, तेलाला आत जायला जागाच उरलेली नसते.

म्हणून इथं वाचवण्याच्या भानगडीत पडलो नाही. जिथं आरपार बोल्ट आहे आणि नटापर्यंत हात पोचतो, तिथं कापून टाकावा. बोल्ट स्वस्त आहे, फळी महाग आहे. पेट्रोलची टाकी आणि नळी आधीच काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली होती, कार्बोरेटर रिकामा केला होता. फायबरवर ओलं पोतं पसरलं, कारण ठिणगीनं त्याचा वरचा चकचकीत थर जळतो आणि खालचं रेझिन पेटूही शकतं. स्टेनलेससाठीची 1 मिमीची पातळ चकती लावून नटाला दोन बाजूंनी उभ्या खाचा पाडल्या, आट्याला चकती लागायच्या जरा आधी थांबलो, आणि छन्नीचा एक टोला. नट दोन फाकांत उघडला. आतल्या आट्यांवर ओरखडलेला, फाटलेला, चमकदार पट्टा दिसत होता. गंजाचा एक कणही नाही. मालकांनी तो तुकडा उन्हात धरून बराच वेळ बघितला.

खरं काम गिअरकेसचं. तिथं आरपार काही नाही. बोल्ट गिअरकेसच्या कानातून वर जातो आणि वरच्या अंगातल्या बंद भोकात आटे पकडतो. कापायला मागून हात जात नाही. आणि तिथला रोग वेगळा होता. तारेच्या ब्रशनं रंग काढल्यावर प्रत्येक डोक्याभोवती पांढरी पूड दिसली, तेलात कालवलेल्या चुन्यासारखी. स्टेनलेस आणि ॲल्युमिनिअम एकमेकांना टेकून खाऱ्या पाण्यात राहिले की झिजतं ते ॲल्युमिनिअम. बोल्ट चकचकीत राहतो आणि त्याच्या भोवतीचं भोक खाल्लं जातं. खाल्लेल्या ॲल्युमिनिअमची जी पूड तयार होते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. तिला जायला वाट नसते, मग ती बोल्टाला चारी बाजूंनी आवळून धरते. नुसत्या आट्यांतच नाही, तर वरच्या गुळगुळीत दांड्यालासुद्धा. बऱ्याचदा माणसं आटे जाम झालेत असं समजतात आणि प्रत्यक्षात दांडा अडकलेला असतो.

पण उजनीचं पाणी तर गोडं. मग हे आत्ता कसं? मीठ बोल्टासोबत आलं होतं. फटीत अडकलेलं मीठ धुऊन जात नाही, हवेतला ओलावा ओढत राहतं, आणि होडी पाण्यात असताना तर ओलाव्याला तोटाच नाही. त्यात भर म्हणजे तो मागचा छोटा पंख. तो दिसायला पंख, पण कामानं बळी देण्याचा धातू आहे: पाण्यात आधी तो झिजतो आणि इंजिनाचं अंग वाचतं. समुद्रावर तो बहुधा जस्ताचा असतो. गोड्या पाण्यात जस्तावर हळूहळू एक कडक थर चढतो आणि ते काम करेनासं होतं. तिथं मॅग्नेशिअमचा किंवा त्यासाठीच्या खास ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचा लागतो. इथला पंख समुद्रावरचाच होता, आणि वर कुणीतरी इंजिन देखणं दिसावं म्हणून त्यालाही काळा रंग फासला होता. रंग दिल्यावर तो पंख शोभेचाच. जुनं इंजिन घेताना मी आता पहिल्यांदा पंखाचा रंग बघतो, ऑइल नंतर.

आता काढायची रीत. पाइप बंद. गॅस कटर तर नाहीच नाही, आणि याचं कारण आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं समजून घ्यायला हवं. लोखंड तापताना लाल होऊन आपल्याला सांगतं. ॲल्युमिनिअम सांगत नाही. ते दिवसाउजेडी रंग न बदलता सुमारे 600 अंशांच्या आसपास सरळ वितळून खाली येतं. ओतीव मिश्रधातूची ताकद त्याच्या कितीतरी आधी, 200 अंशांच्या पुढेच उतरायला लागते. "लाल होऊ दे" म्हणत उभा राहिलेला माणूस इंजिनाचा पाय गमावून बसेल.

तरीही उष्णता हाच उपाय आहे, फक्त मोजून. ॲल्युमिनिअम दर अंशाला मीटरमागे सुमारे 23 मायक्रॉन फुगतं, या जातीचं स्टेनलेस 16 ते 17. म्हणजे 10 मिमीचं भोक आणि त्यातला बोल्ट दोन्ही 150 अंशांनी तापवले, तर भोक बोल्टापेक्षा साधारण 0.01 मिमी जास्त मोठं होतं. माणसाच्या केसाच्या जाडीचा सातवा-आठवा हिस्सा. एवढ्यानं बोल्ट सुटत नाही, पण पुडीचा कडक थर तडकायला एवढं पुरतं. बोल्ट तापायच्या आत नुसतं ॲल्युमिनिअमच तापवलं तर फरक आणखी वाढतो. म्हणून हीट गन बोल्टाच्या डोक्यावर नाही, भोवतालच्या कानावर फिरवायची, एका जागी न थांबता. तापमान बघायला कारखान्यातली इन्फ्रारेड बंदूक वापरली. कोविडच्या वेळची कपाळाची बंदूक इथं कामाची नाही, ती ताप मोजण्यापुरतीच असते. नुसत्या चकाकत्या धातूवर इन्फ्रारेड बंदूक कमी आकडा दाखवते, म्हणून मोजायच्या जागेवर काळ्या मार्करचा ठिपका दिला.

तेलाबद्दलही थोडं. आम्ही पॉवर स्टिअरिंग आणि ऑटोमॅटिक गिअरमध्ये घालतात ते एटीएफ आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून वापरतो. हे मिश्रण फार पातळ, फटीत शिरतं. पण ॲसिटोन पेट्रोलइतकंच पेट घेणारं आहे, त्यामुळे ते सोडलं त्या वेळी हीट गन जवळ नाही, आणि उष्णता दिली त्या वेळी मिश्रण पूर्ण उडून गेलेलं. तेल पांढरी पूड विरघळवत नाही, हेही लक्षात ठेवावं. थर तडकल्यावर भेगेत शिरून वंगण देणं, एवढंच त्याचं काम. तडकवायचं काम उष्णता आणि टोले करतात.

पहिले दोन बोल्ट रीतीनं आले. डोक्यावर पितळी दांड्यानं सरळ टोले, मग तापवणं, मग गोटी पान्यानं आधी आवळायच्या दिशेला किंचित जोर. हे उलटं वाटतं, पण पहिली हालचाल कुठल्याही दिशेनं झाली तरी चालते. टक् असा कोरडा आवाज आला की थर सुटला. तिथून अर्धा आटा मागे, पाव आटा पुढे, तेल, परत. पान्याला किंचाळल्यासारखा आवाज आला की थांबून परत पुढे न्यायचा, कारण तीच पूड आट्यांत दळली जाते आणि अर्ध्या वाटेत पुन्हा अडकवते. घाई करणाऱ्याचा बोल्ट इथं तुटतो. पंखाखालचा तिसराही असाच आला, फक्त त्याला जास्त वेळ लागला.

गोल डोक्याच्या चौथ्याला गोटी पाना धरेना. त्याच्या डोक्यावर एक मोठा स्टेनलेसचा नट ठेवून आतून टिग वेल्डिंगनं भरून घेतला. हे काम शेजारच्या अण्णांकडे दिलं. दूध डेअऱ्यांच्या स्टेनलेसच्या टाक्या जोडणारा माणूस, त्याचा हात असल्या बारीक कामाला बसलेला. त्याआधी इंजिनाच्या इग्निशनची सगळी जोडणी सोडली होती आणि अर्थिंगचा चिमटा बोल्टाच्या अगदी जवळ लावला होता, नाहीतर वेल्डिंगचा करंट नको त्या वाटेनं जातो. या पद्धतीची दुहेरी गंमत आहे. नवं, धारदार डोकं मिळतंच, शिवाय वेल्डिंगची झळ थेट बोल्टात जाते. बोल्ट तापून फुगू बघतो, चारी बाजूंनी दबतो, आणि थंड होताना आकसून थराला सोडतो. चौथा बोल्ट कोमट असतानाच हाताच्या जोरावर फिरला. अण्णांनी चहाही संपू दिला नव्हता.

पाचवा तुटला. पाना फिरतोय असं वाटत होतं, पण हात ढिला केला की तो थोडा मागे येत होता. बोल्ट फिरत नसून पिळला जातोय याची ही खूण. थांबून पुन्हा तापवायची तयारी केली, पण पुढच्या हलक्या जोरालाच डोकं दांड्यासकट हातात आलं. तुटलेला भाग भिंगाखाली धरला तेव्हा उलगडा झाला: निम्म्याहून जास्त चेहरा मळकट तपकिरी, बाकीचा ताजा, चमकदार. म्हणजे तडा जुना होता. पाइपाच्या खुणा याच बोल्टावर होत्या.

डोकं गेल्यावर एक फायदा झाला. कानाला सगळीकडून उष्णता दिली आणि लाकडी पाचरी फटीत अगदी हळू सरकवल्या, तेव्हा गिअरकेस खाली उतरली. लोखंडी पाचर इथं घालू नये. सीलबंद बसायचे दोन्ही सपाट पृष्ठभाग ओरखडले की पुढचं सगळं वाया. आता वरच्या अंगात उरला होता बोल्टाचा आट्यांतला तुकडा, काठापासून काही मिमी आत तुटलेला. बाहेर काहीच नाही, म्हणून नट वेल्ड करायचीही सोय नाही.

मालकांनी ईझी-आउटचं, म्हणजे तुटलेला बोल्ट भोकातून फिरवून काढायच्या हत्याराचं, नाव काढलं. मी नाही म्हटलं. ईझी-आउट उलट्या आट्याचा, टणक आणि ठिसूळ असतो. जो बोल्ट चांगल्या डोक्यानं फिरला नाही, तो आतल्या बारीक भोकात घातलेल्या ईझी-आउटनं फिरेल ही आशा फार. तो आत तुटला की कुठलंही साधं ड्रिल त्याला लागत नाही, मग विजेच्या ठिणग्यांनी धातू खाणारं स्पार्क मशीन शोधत फिरावं लागतं.

त्याऐवजी लेथवर एक बुश केला. बाहेरून एम10 चे आटे, आत बरोबर मध्यभागी 4 मिमीचं भोक. भोकाच्या तोंडाशी जे रिकामे आटे उरले होते, त्यांत हा बुश हातानं घट्ट बसवला. आता ड्रिल सरकायला जागाच नाही, मध्यभाग आपोआप मिळाला. स्टेनलेस भोसकताना सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे घासणं. ड्रिल कापत नसेल आणि नुसतं फिरत असेल, तर त्या जागी स्टेनलेस दाबानं आणखी टणक होतं आणि मग काहीच चालत नाही. म्हणून वेग कमी, दाब जास्त, कटिंग ऑइल भरपूर, आणि 5 टक्के कोबाल्टवालं ड्रिल. सलग वळलेली सालपटं निघत असतील तर बरोबर चाललंय. पूड निघायला लागली किंवा किंचाळायला लागलं तर लगेच बाहेर काढून धार लावायची. 4 मिमी, मग 6, मग 8. शेवटी उरली आट्यांची पातळ नळी. एका बाजूनं बारीक छन्नीनं आत दुमडून चिमट्यानं ओढली, तेव्हा ती स्प्रिंगसारखी उलगडत आली. खालचे दोन आटे मात्र मेले होते. तिथं 10.4 मिमीचं ड्रिल आणि आटे पाडायचा खास टॅप मारून हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांचं काम करणारी तारेची गुंडाळी, बसवली. मिठानं खाल्लेल्या आट्यांपेक्षा ती जास्त भरवशाची, त्यामुळे याचं मला वाईट वाटलं नाही.

इंपेलर बघायला मिळाला तो एवढ्या खटाटोपानंतर. पात्या कायमच्या वाकलेल्या आणि दोन तुटलेल्या. नवा घालणं सोपं. पण तुटलेले तुकडे शोधल्याशिवाय इंजिन बंद करू नये. ते पाण्याच्या वाटेत वर जाऊन बसतात आणि नवा पंप असूनही धार येत नाही. एक तुकडा वरच्या तांब्याच्या नळीच्या तोंडाशी मिळाला, दुसरा हवेच्या झोतानं बाहेर आला.

"मग मिस्त्री, पुढच्या वेळी लोखंडाचेच टाकू का? निघतील तरी." नको. पाण्याखाली लोखंडी बोल्ट गंजून फुगतो आणि तोही भोक धरतो, शिवाय झिजून कमजोर होतो. बोल्ट स्टेनलेसचेच बरोबर आहेत. चूक होती कोरडे बसवण्याची. नवे घेताना डोक्यावरचा शिक्का बघितला: ए2 म्हणजे 304 ची जात, ए4 म्हणजे 316 ची. गोड्या पाण्याला ए2 चालतो, पण आतल्या कोपऱ्यांत जुनं मीठ उरलेलं असणारच, म्हणून गिअरकेसला ए4-80 लावले (80 हा ताकदीचा दर्जा). भोकं गरम पाण्यानं धुऊन, टॅप फिरवून, वाळवून घेतली. आट्यांना आणि पूर्ण दांड्याला पाण्यात न धुपणारं मरीन ग्रीस, दांडा भोकात जाताना ग्रीस कडेनं बाहेर यावं इतकं. तांब्याची पूड असलेली अँटी-सीझ पेस्ट इथं लावू नये, तांबं ॲल्युमिनिअमला स्टेनलेसपेक्षाही वाईट. वंगण लावलेला बोल्ट त्याच टॉर्कला जास्त ताणला जातो, म्हणून कोरड्यासाठी दिलेल्या आकड्याच्या साधारण पाव हिस्सा कमी जोर दिला.

फळीवरच्या 12 मिमीच्या बोल्टांना बोल्ट ए2 चे आणि नट ए4 चे दिले; दोन वेगळ्या जाती असल्या की चिकटण्याचा धोका थोडा कमी होतो, जात नाही. आटे वंगणात, शेवटपर्यंत हातपाना, हवेची गन नाही. बोल्टांची भोकं सीलंटनं भरली, कारण फळीच्या आतलं लाकूड एकदा भिजलं की ते वाळवणं हे वेगळंच प्रकरण होतं.

शेवटी पंख. जुना जस्ताचा टाकून गोड्या पाण्याचा मॅग्नेशिअमचा लावला. मालक ग्रीसचा डबा घेऊन तिथंही पोचले होते, त्यांना थांबवलं. बळीच्या धातूचा आणि इंजिनाच्या अंगाचा उघडा, कोरडा, घासून चकचकीत केलेला स्पर्श व्हायलाच हवा, नाहीतर करंटची वाट तुटते आणि तो पंख पुन्हा शोभेला. त्याच्या बैठकीवरचा रंग पॉलिश पेपरनं खरवडला, बोल्ट आवळला, आणि मल्टिमीटरची एक पिन पंखावर, दुसरी गिअरकेसच्या उघड्या धातूवर ठेवून मालकांना तो 'पीं' आवाज ऐकवला. रंग द्यायचा असेल तर बाकी इंजिनाला द्या म्हटलं, याला नाही. पंख निम्मा झिजला की बदलायचा, आणि त्याच वेळी पाचही बोल्ट एकदा बाहेर काढून, पुसून, ताजं ग्रीस लावून परत बसवायचे.